झरथुष्ट्राच्या गाथा, फारसी पद्य आणि अनुवादाची कसोटी

'गाथा' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. तुकोबांची गाथा घरोघरी आहे. थेरगाथा व थेरीगाथा बौद्ध वाचकाच्या परिचयाच्या आहेत. सातवाहन नृपती हालाच्या नावाशी जोडलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात सिद्ध झाली. परंतु या सर्वांहून प्राचीन असा आणखी एक गाथासंग्रह आहे आणि त्याचा संबंध आपल्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याशी येतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. तो संग्रह म्हणजे इराणच्या झरथुष्ट्राच्या गाथा होत. या गाथा आधुनिक फारसीत, त्यातही पद्यात आणण्याच्या प्रयत्नांचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय दूरचा वाटेल. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न थेट आपल्या विहाराच्या दारात येऊन थांबतो.

या विषयाकडे मी वळलो त्याचे निमित्त सांगणे अगत्याचे आहे. जव्हार-मोखाड्याच्या भागात एका वंदनेनंतर एक वारली तरुण मला म्हणाला, "गुरुजी, आमचा भगत घांगळीवर कणसरीची कथा गातो, ती आम्हाला समजते. तुम्ही आता म्हटलंत ते तुम्हाला समजतं का?" मी अर्थ सांगितला, परंतु उपस्थितांपैकी कितीजणांना तो सांगता आला असता, या विचाराने मी अस्वस्थ झालो. पवित्र वचन समजून घ्यावयाचे असते की केवळ उच्चारावयाचे असते? हाच प्रश्न झरथुष्ट्री समाजाने शतकानुशतके अनुभवला आहे. म्हणून त्यांच्या अनुभवाकडे पाहणे आपल्याला उपकारक ठरेल.

गाथांचे स्वरूप

अवेस्ता या ग्रंथसमूहातील 'यस्न' या भागाचे ७२ अध्याय आहेत. त्यांपैकी २८ ते ३४, ४३ ते ५१ आणि ५३ हे १७ अध्याय म्हणजे गाथा. छंदानुसार त्यांचे पाच गट पडतात : अहुनवैती, उश्तवैती, स्पेन्तामैन्यू, वोहूक्षथ्र आणि वहिश्तोइश्ती. त्यांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेला इतकी जवळची आहे की संस्कृतज्ञाला अनेक शब्द ओळखीचे वाटतात. मात्र 'देव' शब्दाशी समानमूल असलेला 'दएव' शब्द तेथे त्याज्य शक्तींसाठी आला आहे, आणि 'असुर' शब्दाशी समानमूल असलेला 'अहुर' शब्द परमपूज्य ठरला आहे. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या रचनांचा काळ इ. स. पू. १००० च्या आसपास किंवा त्याहूनही मागे नेतात. पुढे हजार वर्षांहून अधिक काळ त्या केवळ कंठस्थ राहिल्या. अवेस्ता लिहिण्यासाठी स्वतंत्र लिपी सासानी काळात तयार झाली. त्रिपिटकही इ. स. पू. पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिपिबद्ध होईपर्यंत मुखपरंपरेनेच टिकले, हे येथे आठवावे.

मुखपरंपरेने शब्द टिकतो, पण अर्थ टिकेलच असे नाही. गाथांची भाषा मृत झाल्यावर पुरोहितांनी तिच्यावर पहलवी भाषेत 'झन्द' म्हणजे टीका रचली. या टीकेने परंपरा जपली, पण पुष्कळ ठिकाणी मूळ व्याकरण हरवले. पुढे हिंदुस्थानात आलेल्या पारशी समाजातील नेर्योसंग धवल या विद्वान धर्मगुरूने, साधारणपणे बाराव्या शतकाच्या आसपास, यस्नाचे संस्कृत भाषांतर केले. परंपरा त्याचा संबंध संजाणशी जोडते. संजाण आज गुजरातेत असले तरी ते तलासरीच्या सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर आहे. नेर्योसंगाने 'अहुर मझ्दा' याला 'स्वामी महाज्ञानी' असा प्रतिशब्द दिला. शब्द अर्थपूर्ण आहे. पण त्याचे भाषांतर मूळ गाथांवरून नव्हे, तर पहलवी टीकेवरून झालेले होते. म्हणजे ते भाषांतराचे भाषांतर होते. शिवाय ते ज्या संस्कृतात झाले ती भाषा किनाऱ्यावरचा सामान्य पारशी बोलत नव्हता, आणि डोंगरावरचा वारली तर नव्हेच नव्हे.

संजाणच्या पाडावानंतर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातील बहरोटच्या डोंगरात बारा वर्षे लपवून ठेवला, असे परंपरा सांगते. ही कथा ज्या 'किस्सा-ए-संजाण'मध्ये येते, तो ग्रंथ बहमन कैकोबाद याने १५९९-१६०० च्या सुमारास फारसी पद्यातच लिहिला. फारसी पद्य म्हणजे धर्मस्मृतीचे प्रतिष्ठित माध्यम, ही समजूत किती जुनी आहे हे यावरून ध्यानात यावे. आणखी एक गोष्ट बौद्ध वाचकाने विसरू नये. कान्हेरीच्या आपल्या लेण्यांत इ. स. १००९ आणि १०२१ या सालांचे पहलवी शिलालेख आहेत. लेणी पाहावयास आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. दोन परंपरांची ही गाठ एका विहारातच पडली होती.

मुंबईतील एक प्रयत्न

आधुनिक काळात गाथांचा अर्थ मूळ भाषेवरून लावण्याचे काम युरोपीय भाषाशास्त्राने सुरू केले. मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने गाथा या अवेस्तातील सर्वांत जुन्या व खास झरथुष्ट्राच्या रचना होत, हे ठामपणे मांडले. हा हाउग १८५९ ते १८६६ या काळात पुण्यात संस्कृतचा प्राध्यापक होता आणि त्याचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले.

त्यानंतर सुमारे सहा दशकांनी, १९२५ मध्ये, इब्राहिम पूरदाऊद हा रश्त येथील इराणी विद्वान मुंबईत आला. तो जन्माने मुसलमान होता. पण प्राचीन इराणच्या भाषा व धर्म यांच्या अभ्यासाला त्याने आयुष्य वाहिले. मुंबईतील पारशी व इराणी झरथुष्ट्री संस्थांच्या, विशेषतः दीनशा इराणी यांच्या साह्याने त्याने १९२६-२७ च्या सुमारास गाथांचे फारसी भाषांतर मुंबईतच प्रसिद्ध केले. इराणच्या आद्य धर्मग्रंथाने इराणच्या आजच्या भाषेत प्रवेश केला तो मुंबईच्या छापखान्यातून, ही घटना लहान नव्हे.

पूरदाऊद स्वतः कवी होता. तरीही गाथांसाठी त्याने गद्य स्वीकारले. माझ्या मते त्याच्या कामातील सर्वांत विवेकी निर्णय हाच होय. गाथांत आठ विभक्ती आहेत. शब्दांचा क्रम मोकळा असून एकेका ओळीचे दोन-तीन अन्वय संभवतात. आधुनिक फारसीत विभक्तिप्रत्यय उरलेले नाहीत. त्यामुळे अनुवादकाला प्रत्येक ओळीत निवड करावी लागते. गद्यात ती निवड उघडी पडते. टीप देता येते, पर्याय सांगता येतो, संशय कबूल करता येतो. पद्यात मात्र ती निवड नादाखाली झाकली जाते.

पूरदाऊदच्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. फारसीतील अरबी शब्द शक्यतो टाळून शुद्ध इराणी शब्द योजण्याकडे त्याचा ओढा होता. 'अशा' या संज्ञेला 'रास्ती', 'वोहू मनः' याला 'मनिश-ए-नीक' असे प्रतिशब्द फारसीत रुळले ते या प्रवृत्तीतून. ते सुबोध आहेत हे खरे. पण हजार वर्षे जनतेच्या तोंडी असलेला शब्द परका म्हणून बाजूला सारून विस्मृत शब्द वर आणणे, हे सामान्य वाचकासाठी केलेले काम की राष्ट्राभिमानासाठी केलेले, असा प्रश्न पडतो. शब्दाचे कूळ पाहून त्याला पंक्तीत बसू द्यावयाचे की नाही हे ठरविण्याची पद्धत आपण भारतात फार जवळून पाहिली आहे.

पद्याचा मोह

यानंतर गाथांना फारसी पद्यरूप देण्याचे प्रयत्न झाले आणि आजही होतात. त्यांमागील भावना समजण्यासारखी आहे. मूळ रचना गेय आहे. मग अनुवाद गेय का नसावा? पण येथे छंदाचा विचार केला पाहिजे.

गाथांचा छंद अक्षरसंख्येवर उभा आहे. अहुनवैती गाथेत १६ अक्षरांच्या तीन ओळी, सात व नऊ अशा यतीने; उश्तवैतीत ११ अक्षरांच्या पाच ओळी, चार व सात अशा यतीने. लघुगुरूंचा ठरावीक क्रम नाही. यमक तर नाहीच. उलट अभिजात फारसी पद्य लघुगुरूंच्या बांधीव क्रमावर आणि यमकावर चालते. फिरदौसीच्या शाहनाम्याचे 'मुतकारिब' वृत्त पाहा. त्याच्या अर्ध्या ओळीत ११ अक्षरे असतात, म्हणजे उश्तवैती गाथेइतकीच. यावरून एखाद्याला वाटेल की माप जुळले. परंतु मुतकारिब लघु-गुरु-गुरु या पावलांनी चालते. मराठी वाचकाला ओळख पटावी म्हणून सांगतो, आपल्या भुजंगप्रयाताचे शेवटचे अक्षर काढले की जी चाल उरते, ती मुतकारिबाची चाल. माधव जूलियन यांच्यासारखा फारसी जाणणारा छंदोवेत्ता मराठीत होऊन गेला, म्हणून ही तुलना आपल्याला सहज पेलते. अक्षरे तेवढीच, पण चाल वेगळी. गाथेत प्रश्न आहे, थांबणे आहे, उत्तराची वाट पाहणे आहे. मुतकारिबात घोड्याची दौड आहे. झरथुष्ट्राचा कासावीस प्रश्न या दौडीत घातला की तो वीरकथेतील भाषणासारखा ऐकू येतो. शाहनाम्यातच दकीकीने रचलेल्या सुमारे हजार बैतांत झरथुष्ट्राची कथा आली आहे. तेथे हे वृत्त शोभते, कारण तेथे आख्यान आहे. गाथा हे आख्यान नव्हे.

गझलची भाषा घेतली तर दुसरे संकट उभे राहते. हाफिजच्या काव्यात 'पीर-ए-मुगां', म्हणजे मगांचा वडील, हा मधुशालेचा गुरू आहे. अग्निपूजकांचे सारे शब्द फारसी काव्यात प्रतीके बनून गेले आहेत. त्या शब्दांत गाथा उतरविली की अनुवादकाच्या नकळत ती सूफी होते.

तिसरे संकट यमकाचे. यमकासाठी आणि मात्रा भरण्यासाठी घातलेला शब्द सामान्य कवितेत फार तर कंटाळा आणतो. धर्मग्रंथात मात्र तोच शब्द उद्या धर्मवचन म्हणून उद्धृत होतो. पादपूरणातून सिद्धांत जन्मावा, याहून मोठी आपत्ती कोणती?

फारसीत काही गोष्टी आपोआप जमतात, हेही मान्य केले पाहिजे. झरथुष्ट्री धर्माचे प्रसिद्ध त्रिक पिंदार, गुफ्तार, किरदार या शब्दांनी मांडता येते. विचार, वाणी, कृती हे तीनही शब्द एकाच नादात संपतात आणि लहान मुलाच्याही जिभेवर बसतात. आपल्या मराठीतही 'काया-वाचा-मने' हा प्रयोग असाच रुळलेला आहे. फरक एवढाच की मराठी वाक्प्रचारात काया प्रथम येते, तर झरथुष्ट्री त्रिकात विचार प्रथम येतो. धम्मपदाच्या आरंभीही मनाचेच अग्रत्व सांगितले आहे. क्रमात अर्थ असतो. नादासाठी तो उलटता कामा नये.

गाय की पृथ्वी?

अनुवादाची खरी परीक्षा यस्नाच्या २९ व्या अध्यायात होते. तेथे 'गेउश् उर्वन्', म्हणजे गाईचा आत्मा, तक्रार घेऊन उभा राहतो. मला कोणासाठी घडविले, क्रौर्य आणि बलात्कार यांनी मी गांजले आहे, मला सांभाळणारा कोणी नाही, असा त्या तक्रारीचा आशय आहे. रक्षक म्हणून झरथुष्ट्राचे नाव पुढे येते, तेव्हा गाय निराश होते. तिला सामर्थ्यवान रक्षक हवा होता आणि मिळाला तो दुर्बळ माणसाचा केवळ शब्द. जागतिक धर्मवाङ्मयात इतकी प्रांजळ तक्रार क्वचित आढळते.

हाउगने या शब्दाचा अर्थ 'पृथ्वीचा आत्मा' असा केला. पुढे अनेक भाविक अनुवादकांनी त्यापुढे जाऊन 'विश्वाचा आत्मा', 'सृष्टीचा आत्मा' असे शब्द योजले. या अर्थाला आधारच नाही असे म्हणता येणार नाही. 'गो' शब्दाचा पृथ्वी असाही अर्थ वैदिक परंपरेत आढळतो, आणि गाय हे प्रतीक मानणारे गंभीर अभ्यासकही आहेत. परंतु 'विश्वाचा आत्मा' म्हटल्याबरोबर काय घडते ते पाहा. पशुपालक माणसाचे गुरे लुटले जाण्याचे दुःख नाहीसे होते. गुरे मारणारा पुरोहित आणि त्याला पाठीशी घालणारा सत्ताधीश दोघेही दृष्टिआड होतात. उरते ते एक उदात्त, कोणालाही न बोचणारे तत्त्व. पद्यात तर हे फारच सुलभ होते, कारण 'विश्व' हा शब्द काव्याला शोभतो आणि गोठ्यातली गाय शोभत नाही.

सुत्तनिपातातील ब्राह्मणधम्मिक सुत्तात यज्ञासाठी गाईंची हत्या कशी सुरू झाली याचे वर्णन आहे. तेथील गाय खरीखुरी गाय आहे. तिला कोणी तत्त्व बनविले तर सुत्ताचा अर्थच संपेल. गाथेतील गाईलाही गाय राहू द्यावे, प्रतीकार्थ टिपेत सांगावा, आणि निर्णय वाचकावर सोडावा. यस्नाच्या ३० व्या अध्यायात झरथुष्ट्र तर ऐकणाऱ्याला हेच सांगतो : कानांनी ऐका, स्वच्छ मनाने पाहा आणि प्रत्येकाने आपापली निवड करा. ज्या ग्रंथाचा हा उपदेश, त्याच्या अनुवादकाने वाचकाच्या वतीने निवड करून टाकावी, हे विसंगत होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील साम्ये पाहून झरथुष्ट्राला बुद्धाचा पूर्वसूरी ठरविण्याचा मोह आपल्या काही लेखकांना होतो. तो टाळावा. गाथांच्या केंद्रस्थानी सृष्टिकर्ता अहुर मझ्दा आहे. तथागतांच्या धम्मात सृष्टिकर्त्याला स्थान नाही. दुसऱ्याचा ग्रंथ आपल्यासारखा करून वाचणे हादेखील एक प्रकारचा चुकीचा अनुवादच आहे.

आपल्या परंपरेची साक्ष

या बाबतीत बौद्ध परंपरेकडे मोठी शिदोरी आहे. चुल्लवग्गात कथा येते. यमेळु आणि तेकुल हे ब्राह्मणकुळात जन्मलेले, सुंदर वाणीचे दोन भिक्खू तथागतांकडे जातात आणि म्हणतात की नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात. ते आम्ही 'छंदस्'मध्ये घालतो. तथागत त्यांचा निषेध करतात आणि 'सकाय निरुत्तिया' बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा देतात. 'छंदस्' म्हणजे वैदिक संस्कृत की वेदासारखा छंद, आणि 'स्वतःची भाषा' म्हणजे शिकणाऱ्याची की बुद्धाची, याविषयी मतभेद आहेत. आचार्य बुद्धघोषांनी मागधी असा अर्थ केला. पण कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट निर्विवाद राहते : शोभेसाठी आणि प्रतिष्ठेसाठी वचनाला उच्चकुलीन पेहराव चढविण्यास तथागतांनी नकार दिला.

सम्राट अशोकाने हेच धोरण शिलांवर कोरले. आपल्या जिल्ह्यातील सोपारा येथे त्याचे लेख प्राकृतात आहेत. १९५८ मध्ये कंदाहारला सापडलेला लेख मात्र ग्रीक व अरमाईक भाषांत आहे. तेथे 'धम्म' या शब्दासाठी ग्रीकमध्ये 'युसेबिया', म्हणजे पूज्यभाव, असा शब्द आहे, तर अरमाईकमध्ये 'सत्य' या अर्थाचा. त्या अरमाईक मजकुरात इराणी शब्दही मिसळलेले आहेत, कारण वाचणारा इराणी प्रदेशातला होता. एकाच राजाने एकाच शिळेवर एका शब्दाचे दोन अनुवाद मान्य केले. ज्याला समजावयाचे आहे त्याची भाषा, हा त्यामागील नियम.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही तोच नियम पाळला. पाली व्याकरण आणि शब्दकोश यांवर परिश्रम करणाऱ्या या पंडिताने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला २२ प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी गाथांचा आशय क्रमांकित, सुटसुटीत गद्यात मांडला. पद्याची शोभा त्यांना कळत नव्हती असे कोण म्हणेल? पण अर्थ तपासून घेता आला पाहिजे, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

डोंगरावरून पाहताना

आता पुन्हा जव्हारकडे येऊ. जव्हार-मोखाड्याच्या पठारावरून कासामार्गे डहाणूच्या किनाऱ्याकडे उतरले की पारशी व इराणी बागाइतदारांच्या चिकूच्या वाड्या लागतात. याच पट्ट्यात, तलासरी, उंबरगाव आणि डहाणू भागांत, १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्या काळच्या जमीनदार-सावकारांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी आणि इराणीही होते. प्रत्येकाच्या घरी पवित्र वचने म्हटली जात होती. त्यांपैकी काही घरांत, गांजलेल्या गाईची तक्रार सांगणारी ती गाथाही प्रार्थनेत उच्चारली जात असेल. दाराबाहेर वेठीला उभा असलेला वारली त्या वचनांतून कोणालाच दिसला नाही. दोष केवळ त्या समाजाचा नव्हे. न समजता म्हटलेले वचन म्हणणाऱ्याला कधीच जाब विचारीत नाही. हाच नियम आमच्या पाली गाथांनाही लागू आहे.

आणि आज वारल्यांच्या स्वतःच्या गाथांचे काय होत आहे? लग्नात धवलेरी गाते ती गाणी, भगत घांगळीवर गातो ती कणसरीची कथा, यांचे मराठीकरण करताना कणसरीला 'अन्नपूर्णा' म्हणण्याची प्रथा पडत आहे. कणसरी म्हणजे कणसातले धान्य. ती रुसते, निघून जाते, माणसाला उपाशी ठेवते. अन्नपूर्णा म्हटले की ती देव्हाऱ्यात बसते आणि नाचणी-वरईचे शेत दृष्टिआड होते. गाईचा 'विश्वात्मा' झाला, तसेच हे. ज्या तालुक्यांतील बालकांचे कुपोषणाने झालेले मृत्यू १९९२-९३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने ऐकले, तेथे धान्याच्या कथेतून भूक पुसून टाकणे हा केवळ भाषेचा दोष राहत नाही.

या सर्व विवेचनावरून अनुवादाच्या तीन कसोट्या निघतात. पहिली, अनुवाद मुळावरून केला आहे की अनुवादावरून, हे वाचकाला स्पष्ट सांगावे. दुसरी, मुळातील ठोस वस्तू ठोसच ठेवावी. गाईला गाय आणि कणसाला कणीस म्हणावे. तिसरी, पद्य करावयाचेच असेल तर ते गद्य अनुवादाच्या शेजारी ठेवावे, त्याच्या जागी नव्हे. गाण्यासाठी पद्य आणि तपासण्यासाठी गद्य, असे दोन्ही वाचकाच्या हाती असावे. पूरदाऊदच्या मुंबईतील गाथांचे मोल या कसोट्यांवर आजही टिकते. त्यानंतरच्या पद्यरूपांपैकी जी या कसोट्यांना उतरत नाहीत, ती कितीही मधुर असली तरी मुळाची जागा घेऊ शकत नाहीत.

त्या वारली तरुणाच्या प्रश्नाला मी त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. पुढच्या खेपेला आम्ही पंचशीलाचा अर्थ प्रथम मराठीत सांगितला. मग त्याच तरुणाला तो वारलीत सांगावयास लावला. दोन ठिकाणी तो अडखळला आणि त्याने आम्हालाच प्रश्न विचारले. त्यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते शोधण्यासाठी आम्हाला पालीकडे परत जावे लागले.